घामाने उतरलेले किलो, सुईने उतरलेले किलो

पत्र थोडक्यात असं. लिहिणाऱ्यांचं वय 39, राहणं कोल्हापुरात. बाराव्या वर्षापासून तालमीत होते, जत्रांतून कुस्त्या केल्या. तिशीच्या आत गुडघा गेला, माती सुटली, वाहतुकीच्या धंद्यात बसून काम सुरू झालं. उंची 173 सेंटिमीटर, वजन 114 किलोवर गेलं. दोन वर्षांपासून टाइप 2 मधुमेह, गोळ्या चालू, तरी तीन महिन्यांची शुगर, म्हणजे एचबीए1सी, 7.8. सोनोग्राफीत लिव्हरवर चरबी दिसली, आणि घोरणं इतकं की बायको रात्री हलवून जागं करते. डॉक्टरांनी आठवड्यातून एकदा घ्यायचं टिर्झेपाटाइडचं इंजेक्शन सुरू केलं. सहा आठवडे झाले, पाच किलो उतरले. हे फक्त बायकोला माहीत आहे. पेन फ्रीजच्या दारात लोणच्याच्या बरणीमागं असतं. तालमीतले सोबती म्हणतात, "वाळलास की रं, बरा हाईस न्हवं?" ऑफिसातले पाठ थोपटतात. चुलत्यांनी घरच्या ग्रुपवर व्हिडिओ टाकला, त्यात हे 'कष्ट नको असलेल्यांचं इंजेक्शन' ठरवलंय. "जन्मभर घाम गाळून शरीर कमावलं, आता सुईनं उतरवतोय. ही लबाडीच नव्हे का? सोडून देऊ का?" हा पहिला प्रश्न. दुसरा जास्त अवघड. तेरा वर्षांच्या मुलीला वर्गात 'भोपळा' म्हणतात. परवा खोकं तिच्या हाती लागलं आणि तिनं विचारलं, "पप्पा, मला पण देणार हे?" त्यांना उत्तर सुचलं नाही.

—

आधी तातडीचं. चुलत्यांच्या व्हिडिओवरून इंजेक्शन बंद करू नका. बंद करायचंच असेल तर ज्यांनी सुरू केलं त्यांच्यासमोर बसून करा. तुमचा मधुमेह गोळ्यांनी आटोक्यात येत नव्हता म्हणून ते दिलंय. वजन उतरणं हा त्याच औषधाचा दुसरा उपयोग आहे.

आता लबाडी. तुमच्या आखाड्यात या शब्दाला नेमका अर्थ आहे. आधीच ठरवून केलेली नुरा कुस्ती ही लबाडी, कारण तिकीट काढून आलेल्या माणसाला फसवलं जातं. तुमच्या इंजेक्शनात फसवलं कोण जातंय? कुणाच्या बीपीच्या गोळीला किंवा चष्म्याला कुणी लबाडी म्हणत नाही. वजनाच्या बाबतीत मात्र आपण डॉक्टरांच्या काट्याकडं प्रगतिपुस्तकासारखं बघतो. कमी भरलं तर हुशार, जास्त भरलं तर आळशी. हे गृहीतच तपासून बघूया, कारण तुमच्या मनातली सगळी टोचणी तिथून येते.

तालमीत असताना तुम्ही दूध, बदाम, तूप, मटण असा खुराक खात होतात आणि पहाटे चारला उठून जोर-बैठकांत तो जाळत होतात. गुडघा गेला, मेहनत एका दिवसात थांबली. भूक थांबली नाही. ही इच्छाशक्तीची उणीव वाटते, पण वाढलेलं वजन शरीर स्वतःच राखून धरतं. ऑस्ट्रेलियातल्या एका अभ्यासात लोकांना दहा आठवडे अगदी कमी खायला देऊन बारीक केलं गेलं. 2011 मध्ये त्याचे निष्कर्ष आले: सुरुवातीपासून 62 आठवड्यांनंतरही त्यांच्या रक्तातली भूक वाढवणारी संप्रेरकं चढलेली आणि पोट भरल्याचं सांगणारी उतरलेली होती. त्यांनी कसून प्रयत्न केला, शरीर वर्षभर उलटा जोर लावत राहिलं.

इंजेक्शन नेमकं त्या जोरावर काम करतं. जेवल्यावर आतड्यातून जीएलपी-1 आणि जीआयपी ही संप्रेरकं सुटतात. ती स्वादुपिंडाला इन्सुलिन सोडायला सांगतात आणि मेंदूला 'पुरे' असा निरोप देतात. शरीरातलं जीएलपी-1 दोनेक मिनिटांत विरतं. टिर्झेपाटाइडचा रेणू दोन्ही संप्रेरकांची नक्कल करतो आणि पाच दिवसांनीही निम्मा शिल्लक असतो, म्हणून सुई आठवड्यातून एकदाच. हे कुळ कालपरवाचंही नाही. यातलं पहिलं औषध अमेरिकेत 2005 मध्ये मधुमेहासाठी मंजूर झालं, आणि त्याचा मूळ रेणू गिला मॉन्स्टर नावाच्या विषारी सरड्याच्या लाळेत सापडला होता. व्हिडिओवाल्यांना हे कसं सुटलं, नवल आहे.

कष्टाचं म्हणाल तर आकडेच बघा. 2023 मध्ये मधुमेह असलेल्या 938 लोकांवरच्या चाचणीचे निकाल आले. सगळ्यांना आहार-व्यायामाचा सल्ला मिळत होता. 72 आठवड्यांनी नुसता सल्ला आणि खोटं, म्हणजे आत औषधच नसलेलं इंजेक्शन मिळालेल्यांचं वजन सरासरी 3.2 टक्के उतरलं, 10 मिलिग्रॅम टिर्झेपाटाइड घेणाऱ्यांचं 12.8 टक्के, 15 मिलिग्रॅम घेणाऱ्यांचं 14.7 टक्के. बातम्यांत मात्र तुम्ही 'वीस टक्के' ऐकलं असेल. तो आकडा मधुमेह नसलेल्या लोकांवरच्या दुसऱ्या चाचणीचा आहे. मधुमेह असताना वजन कमी उतरतं. तुमच्या 114 किलोंचे वीस टक्के म्हणजे जवळपास 23 किलो. तुमच्यासारख्यांच्या चाचणीचा आकडा मात्रेनुसार साडेचौदा ते सतरा किलोंच्या आसपास जातो. हा फरक आज माहीत असला तर वर्षभरानं 'माझ्यावर लागू पडलं नाही' असं वाटणार नाही.

बातमी वाचताना एवढं करा: टक्के सांगितलेत की किलो, किती आठवड्यांत, कुणाशी तुलना करून आणि तुमच्यासारखे लोक त्यात होते का, हे शोधा. यातलं काहीच नसेल तर ती बातमी नसून गप्पा आहेत. सोबतचा फोटोही बघा. लठ्ठपणाच्या बातमीत बहुतेक वेळा मान नसलेलं पोट असतं, नाहीतर पाठमोरा चालणारा माणूस. मधुमेहाच्या बातमीत असं कुणाचं डोकं उडवत नाहीत.

आणि जाहिराती. आक्षेपार्ह औषधी जाहिरातींविरुद्ध 1954 पासून कायदा आहे, आणि ज्या व्याधींच्या इलाजाची अशी जाहिरात करता येत नाही त्यांच्या यादीत लठ्ठपणाही आहे. 'दोन महिन्यांत 15 किलो, गॅरंटी' असा फलक दिसला तर तिथून औषध घेऊ नका. याच कुळातल्या सेमाग्लुटाइड या औषधाचं भारतातलं पेटंट मार्च 2026 पर्यंतचंच होतं, त्यामुळे या कुळातली औषधं आता जास्त दुकानांत, जास्त नावांनी भेटतील. चिठ्ठीशिवाय, बिलाशिवाय, बर्फाच्या पाकिटाशिवाय मिळणारं पेन कितीही स्वस्त असलं तरी परत करा.

तुमच्या शहराचीही यात गंमत आहे. शाहू महाराजांनी जिथं कुस्तीसाठी खासबागेसारखं मैदान बांधलं, तिथं पुरुषाचं भरलेलं अंग ही इज्जत. 'खात्यापित्या घरचा' हे कौतुक. म्हणून पाच किलो उतरले की सोबत्यांना आजार दिसतो. तेच अंग बाईचं असलं की विनोद होतो. उमादेवी खत्री हिंदी सिनेमाच्या नावाजलेल्या पार्श्वगायिका होत्या. पुढं त्या विनोदी भूमिकांत 'टुनटुन' म्हणून आल्या आणि ते नाव शाळाशाळांतून जाड मुलींना चिकटलं. गाणं किती जणांच्या लक्षात राहिलं? तुमच्या एकाच घरात बापाला 'पैलवान' आणि लेकीला 'भोपळा' म्हणतात, अंगकाठी एकाच वळणाची असताना. मुलीकडं येतोच, पण हे ध्यानात ठेवा.

'मी पैलवान, माझं वजन म्हणजे स्नायू' असंही मनात असेल. बीएमआयला, म्हणजे उंचीच्या मानानं वजन मोजणाऱ्या आकड्याला, स्नायू आणि चरबी यांतला फरक कळत नाही हे खरं. म्हणून बेंबीच्या पातळीवर टेप लावा, श्वास सोडून. भारतीय पुरुषांसाठी 90 सेंटिमीटर, बायकांसाठी 80 ही सावधगिरीची रेघ आहे. साधा हिशेब म्हणजे कंबर उंचीच्या निम्म्याहून कमी, तुमच्यासाठी साडेशहाऐंशी. उलट बाजूही आहे. पुण्याचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांचं 2004 मध्ये छापून आलेलं जोडछायाचित्र प्रसिद्ध आहे. दोघांचा बीएमआय 22.3, पण शरीरातली चरबी युडकिन यांची 9.1 टक्के, याज्ञिकांची 21.2. बारीक दिसणाऱ्या भारतीय माणसालाही शुगर होते. तेव्हा चेष्टा करणाऱ्या सडपातळ सोबत्याला एकदा रक्त तपासून घ्यायला सांगा, टोमणा म्हणून नव्हे.

आता औषध नीट घेण्याबद्दल. चुका बहुतेक याच भागात होतात.

पहिले चार आठवडे 2.5 मिलिग्रॅम ही शरीराला सवय लावणारी मात्रा असते. नंतर 5. पुढं वाढवायची झाली तर 2.5 च्या पायरीनं, दर पायरीवर किमान चार आठवडे. 'लवकर उतरू दे' म्हणून पायरी गाळली की उलट्या होतात आणि मग माणूस औषधालाच दोष देतो. वार ठरवा. पोट, मांडी किंवा दंडाचा मागचा भाग, दर वेळी जागा बदलून, बेंबीपासून पाच सेंटिमीटर लांब. दर वेळी नवी सुई. एक वार चुकला तर चार दिवसांच्या आत घ्या; त्याहून उशीर झाला तर तो सोडा, पुढच्या ठरल्या वारी घ्या. दोन मात्रा एकत्र कधीच नाहीत. तुमचं पेन दुसऱ्या कुणालाही नाही, सुई बदलूनसुद्धा नाही.

तुमच्या गोळ्यांची पट्टी आजच उलटून वाचा. नुसतं मेटफॉर्मिन असेल तर शुगर एकदम खाली जाण्याची भीती कमी. पण आपल्याकडं मेटफॉर्मिन आणि ग्लिमेपिराइड एकाच गोळीत फार वेळा दिलेलं असतं. ग्लिमेपिराइड असेल तर जेवण कमी झाल्यावर शुगर पडू शकते: हात थरथरणं, दरदरून घाम, डोकं हलकं होणं. तसं झालं तर तीन चमचे साखर पाण्यातून घ्या, पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासा आणि गोळीची मात्रा कमी करायची का ते डॉक्टरांना विचारा. डोळ्यांच्या पडद्याची तपासणी वर्षभरात झाली नसेल तर ती करा. शुगर झपाट्यानं उतरताना आधीचा दोष काही काळ बळावू शकतो.

पोटातून अन्न पुढं सरकणं या औषधानं मंदावतं. म्हणून रविवारच्या तांबड्या रश्श्याची तर्री, मिसळीचा कट, कट्ट्यावरचं म्हशीचं धारोष्ण दूध हे सगळं आता जड जाईल. बंद करा असं म्हणत नाही. रस्सा वाटीभर, तर्री बाजूला सारून; आणि मात्रा वाढवली त्या आठवड्यात नकोच. हळू जेवा, पोट भरल्याची पहिली जाणीव झाली की थांबा. ताटात टाकायचं नाही ही शिकवण असेल तर ताटात वाढूनच कमी घ्या. बद्धकोष्ठ होतं: दिवसाला दोन-अडीच लिटर पाणी, भाजी, कोशिंबीर.

वजनाबरोबर स्नायूही जातो, आणि तुम्ही तो वर्षानुवर्षं कमावलाय. क्रिएटिनिन आणि लघवीतलं अल्ब्युमिन तपासून किडनी ठीक असल्याची खात्री झाली की दिवसाला 80 ते 90 ग्रॅम प्रथिनं धरा. तीन अंड्यांत साधारण 18, शिजवलेल्या 100 ग्रॅम चिकनमध्ये 25 ते 30, दोन वाट्या घट्ट डाळ किंवा उसळीत 14 च्या आसपास, मोठी वाटी दह्यात 7. उरलेलं भाकरी-दुधातून येतं. भूक कमी असल्यानं ताटात आधी हे खा, भात मागून. आठवड्यातून दोनतीन दिवस ताकदीचा व्यायाम. दुखऱ्या गुडघ्यानं बैठका मारू नका. खुर्चीवरून हात न टेकता उठणं-बसणं, भिंतीवरचे जोर, हलका करेला, म्हणजे फिरवायचा लाकडी मुद्गल. वस्तादांना विचारलंत तर याहून चांगलं सांगतील.

पोटात जोराचं, न थांबणारं, पाठीत जाणारं दुखणं, सोबत उलट्या, अशा वेळी सकाळची वाट न बघता दवाखाना गाठा; स्वादुपिंडाला सूज असू शकते. उजव्या बरगडीखाली कळ किंवा डोळे पिवळे झाले तर पित्ताशय तपासायला हवं. घरात कुणाला थायरॉइडचा मेड्युलरी प्रकारचा कॅन्सर झाला असेल तर हे औषध चालत नाही. डॉक्टरांनी विचारलं नसेल तर तुम्ही सांगा. कुठलंही ऑपरेशन ठरलं की भूलतज्ज्ञांना इंजेक्शनचं आधीच कळवा. हेच औषध घेणाऱ्या बहिणींसाठी: दिवस राहण्याचा विचार असेल तर आधी डॉक्टरांशी बोला, आणि गर्भनिरोधक गोळी चालू असेल तर सुरू केल्यावर व दर वेळी मात्रा वाढवल्यावर चार आठवडे कंडोमही वापरा, कारण गोळीचा असर कमी पडू शकतो.

पैशाचं सुरुवातीलाच बोलायला हवं. मार्च 2025 मध्ये हे औषध भारतात आलं तेव्हा 5 मिलिग्रॅमच्या एका कुपीची किंमत 4,375 रुपये होती, म्हणजे महिन्याला साडेसतरा हजार. आजचा भाव विचारा आणि वर्षाचा हिशेब मांडा. 'तीन महिन्यांचा कोर्स' असं काही नसतं. एका चाचणीत 36 आठवड्यांनी औषध काढून घेतलेल्या लोकांचं वजन पुढच्या 52 आठवड्यांत सरासरी 14 टक्क्यांनी परत चढलं. परवडत नसेल तर लाजून गुपचूप थांबवू नका. स्वस्त पर्याय किंवा दुसरं औषध यावर डॉक्टरांशी बोलता येतं.

गुडघा आणि घोरणं राहिलं. 'आधी वजन उतरवा, मग बघू' हे तुम्हालाही ऐकवलं गेलं असणार. पुढच्या वेळी शांतपणे विचारा: "याच तक्रारीसाठी सडपातळ माणूस आला असता तर काय तपासलं असतं? तेही करूया." घोरताना श्वास अडकत असेल तर झोपेची तपासणी आत्ताच हवी. शिवाय बीपीचा पट्टा बघा. दंडाचा घेर 34 सेंटिमीटरच्या वर असेल तर नेहमीचा पट्टा लहान पडतो आणि बीपी आहे त्यापेक्षा जास्त दाखवतो. तुमच्यासारख्या दंडाला मोठा पट्टा लागतो. मागून घ्या. तुमच्या दंडासाठी सामान ठेवणं हे दवाखान्याचं काम आहे.

लोकांना काय सांगायचं? तालमीला तुमचा औषधोपचार कळवण्याचं बंधन नाही. "शुगर आहे, उपचार चालू आहेत" एवढं पुरे. ते खरंही आहे. पण एक जागा जपा. कुणी मनापासून विचारलं, "कसं उतरवलंस?" तर "नुसतं रंकाळ्याला चालून" असं सांगू नका. तुमच्याएवढंच वजन असलेला तो माणूस चार महिने रंकाळ्याला फेऱ्या मारेल, दोन किलो उतरतील आणि तो स्वतःला नालायक ठरवेल. तिथं गप्प राहिलात तरी चालेल. आणि वजनगटात बसायला म्हणून एखाद्या तरुण पैलवानानं पेन मागितलं तर ठाम नकार.

मुलगी. तिनं औषध मागितलं असं तुम्हाला वाटलं, पण बहुधा तिनं विचारलं की मी पण बिघडलेय का. म्हणून आधी औषधाचं स्वच्छ सांगा: "माझ्या रक्तात साखर जास्त राहते, त्याचं हे औषध. आजोबांच्या बीपीच्या गोळीसारखं. तुला तो आजार नाही, म्हणून तुला हे नको." लपवलेल्या खोक्यातून मुलं लाज शिकतात. मग विचारा, वर्गात कोण काय म्हणतं, कधीपासून. ऐकताना मधे डाएट आणू नका. चिडवण्यावर तिच्या पोळ्या मोजणं हा उपाय होत नाही. वर्गशिक्षकांना भेटा, तारखा आणि शब्द लिहून द्या, पंधरा दिवसांनी काय केलं ते विचारा.

घरातली भाषा त्याच दिवसापासून बदला. तिच्यासमोर स्वतःच्या पोटालाही नावं ठेवू नका, आणि चुलते दिवाळीला "किती सुटलीस गं" म्हणाले तर तिच्यादेखतच त्यांना थांबवा. मोठ्यांचे बीएमआयचे आकडे तिला लावू नका; मुलांची वाढ वयानुसारच्या आलेखावर बघतात, आणि मुली वयात येताना अंगानं भरतात. घरात मधुमेह आहे म्हणून बालरोगतज्ज्ञांकडून एकदा तपासणी करून घ्या. मानेवर काळपट मखमली पट्टा असेल किंवा पाळी लांबत असेल तर तेही सांगा. काही देशांत 12 वर्षांपुढच्या मुलांनाही या कुळातली औषधं मंजूर आहेत, पण तो निर्णय त्या तज्ज्ञांचा, वर्गातल्या पोरांचा नव्हे. डबा न खाता परत येणं, जेवल्याबरोबर बाथरूममध्ये जाणं, चारचौघांत जेवायला टाळणं असं काही दिसलं तर मात्र लगेच डॉक्टरांकडं. त्यात वजन किती हा प्रश्न मागचा.

आणि ते पेन लोणच्याच्या बरणीमागून काढा. फ्रीजचं दार दिवसात पन्नास वेळा उघडतं, तिथलं तापमान सारखं खालीवर होतं, आणि या औषधाला 2 ते 8 अंश सेल्सिअस लागतात. फ्रीझरला चिकटून ठेवलं आणि गोठलं तर फेकून द्यावं लागतं. मधल्या कप्प्यात, झाकणाच्या डब्यात, वर तुमचं नाव आणि ठरलेला वार लिहून ठेवा.